शुक्रवारचा सात नंबर

नुन्झिया फेरारेल्लोला भेटायला कुणी कॅनरीत आलं, की फाटकावरचा माणूस नुसतं बोट दाखवायचा. "तिकडे, पाइपापाशी." आणि बाई खरोखर तिथेच असायची. डाव्या हातात घडी घातलेलं फडकं, ते फडकं गरम पाइपावर टेकवलेलं, उजवा हात कमरेवर, मान जराशी तिरकी. बघणाऱ्याला वाटायचं, ही पाइपाची नाडी बघतेय. वाटायचं कशाला, बघतच होती.

शेपर्टनच्या त्या कॅनरीत, म्हणजे टोमॅटोच्या कारखान्यात, सॉसच्या टाकीपासून बाटल्या भरायच्या खोलीपर्यंत साठ मीटर पाइप होता. टाकीच्या बुडाशी पंप, पंपाला एक ते दहा आकड्यांची चकती आणि पाइपावर दाब दाखवणारा काटा. चकतीवर चाराच्या आकड्यापाशी लाल रेघ. ती रेघ फोरमन कॉलिन ट्रेलोअरने स्वतःच्या हाताने ओढली होती, कारण पंप बसवून गेलेल्या माणसाने निक्षून सांगितलं होतं : सॉस चालू असताना चाराच्या वर गेलात तर दाब भसकन चढेल, सांध्यांची रबरं फुटतील आणि मग बसा छपरावरून सॉस खरवडत. संध्याकाळी पाण्याने पाइप धुताना हवा तो आकडा लावा. पाण्याचं काही नाही.

"नुन्झ, दाब बघायला काटा दिलाय ना?" कॉलिन जाता येता छेडायचा. "तो हात कशाला भाजून घेतेस?"

"काटा तुझ्यासाठी आहे," ती म्हणायची. "मला हात आहे."

बावीस वर्षं तिने ते काम केलं, आणि बावीस वर्षांत तिचं एक मत पक्कं झालं होतं. पाणी म्हणजे साधा भोळा जीव. जरा कलतं केलं की निघालं. सॉस म्हणजे तिचा नवरा मिकेले. खुर्चीतून उठवायचा म्हणजे नाकी नऊ; आज नको, उद्या बघू, पाठ धरलीये. पण लग्नाच्या मांडवात एकदा का त्याला नाचायला उठवला की हाच बाबा चार पोरींना दमवून पाचवीला हात देणार. थांबवायला माणसं लागायची. हे ती मिकेलेच्या तोंडावर सांगायची आणि तोही, कौतुकच चाललंय असं समजून, मिशीत हसायचा.

नऊ वर्षांची होती तेव्हा आईचं बोट धरून कालाब्रियातून बोटीने आली. बाप आधीच येऊन नाशपातीच्या बागेत राबत होता. शाळा सहावीपर्यंत, तीही तुकड्यातुकड्यांनी, कारण फेब्रुवारीत टोमॅटो तोडायला हात कमी पडायचे आणि बापाच्या लेखी पोरीचे हात म्हणजे हातच. इंग्रजी ती बागेत शिकली, त्यामुळे तिच्या इंग्रजीत शिव्या फार चांगल्या होत्या. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख तिने कधी उगाळलं नाही, पण शेजारच्या फातिमेच्या घरी पाचवं बाळ आलं तेव्हा ती ताटभर बिस्किटं देऊन घरी आली आणि मागच्या अंगणात मिरच्यांना तासभर पाणी घालत बसली. मिरच्या कुजल्या.

मग एकोणऐंशी साली तिची धाकटी बहीण तेरेझीना गेली. तीन महिन्यांचं दुखणं, सगळं संपलं. तेरेझीनाचा नवरा आधीच पर्थकडे कुठेतरी पांगला होता. मागे राहिली सात वर्षांची ग्राझिएला तालारीको. दोन वेण्या, एक मोजा वर आणि एक खाली, आणि तोंडाला कुलूप. नुन्झियाने तिला घरी आणलं, स्वतःच्या खोलीत दुसरी खाट टाकली आणि मिकेलेला बाहेरच्या खोलीत हाकललं. महिनाभर पोर बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "झिया, शाळेत मला न्यायला तूच ये."

झिया म्हणजे मावशी. पण मावशीची पाळी चार वाजता सुटायची आणि शाळा साडेतीनला. फातिमे देवासारखी धावून आली. स्वतःच्या पाचांबरोबर सहावीला घेऊन यायची. फक्त शुक्रवारी तिला जमत नसे. शुक्रवारी अल्बेनियन मंडळी मशिदीत जमायची, बायका तिथे स्वयंपाकाला असायच्या, आणि फातिमे त्यातली पुढारी.

म्हणून शुक्रवारी नुन्झिया स्वतः जायची. साडेतीनच्या ठोक्याला शाळेच्या फाटकापाशी, केसांना टोमॅटोचा वास, हातात कागदात गुंडाळलेले गरम चिप्स, त्यावर व्हिनेगर. मग दोघी नदीकाठच्या बाकावर बसून खायच्या. बाकीचे दिवस पोर मुकाट असायची. शुक्रवारी त्या बाकावर मात्र आठवड्याचं सगळं सांगून टाकायची. कोणी वेणी ओढली, कोणी 'टोमॅटोवाली' म्हणून चिडवलं, गणितात किती मिळाले. गणितात नेहमी पैकीच्या पैकी.

शुक्रवारी सॉसची टाकी तीनलाच कशी रिकामी व्हायची, हे कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तीच ग्राझिएला मेलबर्नला जाऊन इंजिनियर झाली आणि शहाण्णव सालच्या जानेवारीत त्याच कॅनरीत परत आली. डोक्यावर पांढरी टोपी, बगलेत नकाशे. ऑफिसातल्या लोकांनी तिचं 'ग्रेस' करून टाकलं. पहिल्याच दिवशी ती पाइपापाशी आली, जरा घुटमळली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिसेस फेरारेल्लो."

नुन्झियाच्या काळजात लक्कन झालं. पण ती काय कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने फडकं सरळ केलं आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस."

घरी आल्यावर मिकेले भडकला. "पोरीला लाज वाटते की काय आपली?"

"गप बस. काय कळतं तुला? उद्या लोक म्हणतील, मावशीने लावली नोकरीला. तिला स्वतःच्या पायांवर उभं राहू दे." असं म्हणाली खरी, पण त्या रात्रीचा पास्ता खारट झाला आणि मिकेलेने शहाणपणाने तो मुकाट्याने खाल्ला.

ग्राझिएलाला पहिलंच काम मिळालं ते मोठं. अंगणापलीकडे बाटल्या भरायची नवी शेड झाली होती. तिथवर एकशेचाळीस मीटरचा नवा पाइप टाकायचा, नवा पंप बसवायचा. मॅनेजर हॉल्डेन हा कोरडा माणूस. पोरीसारखी पोर इंजिनियर म्हणून आली हेच त्याला पटलं नव्हतं. सहा महिने बघू, पाइप चालला तर ठेवू, असं त्याने तिच्या तोंडावर सांगितलं होतं. पाइप नाही चालला तर काय, हे सांगायची गरजच नव्हती. शेपर्टनएवढ्या गावात अशा पोरीला दुसरी नोकरी कोण देणार? मेलबर्नला जावं लागलं असतं, कायमचं. नुन्झियाला झोप लागेना ती यानेच.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पाण्याची चाचणी झाली. नव्या पाइपातून पाणी सोडलं. ग्राझिएलाने दोन नंबरवर दाब मोजला, मग चारवर मोजला. पाण्याला दाब तो कितीसा. काट्याने जेमतेम डोळा उघडला, म्हणून तिने पाइपाला काचेची बारीक नळी लावून मोजला. वेग दुप्पट, दाब जवळजवळ चौपट. पुस्तकात होतं तस्सं. पाणी पलीकडच्या शेडमध्ये धो धो पडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि हॉल्डेनसुद्धा तोंडातल्या तोंडात "बरं आहे" म्हणाला.

नुन्झियाने टाळी वाजवली नाही. तिने नव्या पाइपावर फडकं ठेवलं, पाणी वाहतंय ते बघितलं आणि मान हलवली. कॉलिनने ते पाहिलं.

"काय गं? तोंड का असं?"

"पाणी काय, माझ्या चपलेतूनसुद्धा जाईल," ती म्हणाली.

शनिवारी घरी सॉस करायचा दिवस. कालाब्रियाच्या माणसांकडे फेब्रुवारीतला एक शनिवार त्यातच जातो. गॅरेज धुऊन काढायचं, मागच्या अंगणात पिंपाखाली जाळ लावायचा, दीडशे किलो टोमॅटो दळायचे आणि वर्षभराच्या बाटल्या भरायच्या. दळायचं यंत्र मिकेलेकडे, नरसाळं नुन्झियाकडे, झाकणं ग्राझिएलाकडे, ती सात वर्षांची असल्यापासून. बियरच्या बाटल्यांत सॉस ओतताना नरसाळ्यात तो दर खेपेला अडून बसायचा आणि नुन्झिया लाकडी चमच्याने टकटक मारायची, की भसकन खाली.

तिने धीर केला. "ग्राझिएला, बघ हे. आधी पाणी ओतलं तर आपण होऊन गेलं. याला टोला द्यावा लागतो."

"झिया, मला माहितीये की सॉस घट्ट असतो." पोरीने झाकण जरा जोरात ठोकलं. "घट्टपणा मोजलाय मी. भांड्यात चकती फिरवून मोजतात, यंत्र असतं त्याचं. मग पाण्याच्या हिशेबात तेवढ्या पटीने वाढवायचं. चार नंबरवर दाब येईल पाच. रबरं दहापर्यंत धरतात. झालं?"

"चकती किती जोरात फिरवलीस?"

"म्हणजे? फिरवली. एका वेगाने."

"हळू फिरवून नाही बघितलंस?"

"झिया! मी चार वर्षं हेच शिकलेय!"

मिकेले यंत्राचा दांडा फिरवत छताकडे बघायला लागला. नुन्झियाने चमचा धुतला. सहावी शिकलेली बाई, इंजिनियर पोरीला काय सांगणार? आणि जे सांगायला हवं होतं, म्हणजे हे सगळं आपल्याला कशावरून माहीत, ते सांगायचं तर शुक्रवारचं सांगावं लागलं असतं. ते सतरा वर्षं तिने मिकेलेलासुद्धा सांगितलं नव्हतं. लाल रेघ ओलांडणाऱ्याला कॅनरीत त्याच दिवशी घरी पाठवायचे. एकाला पाठवलेला तिने पाहिला होता.

सोमवारी सकाळी दहा वाजता नव्या पाइपात सॉस सोडला. टाकीत सहा टन, पंचाऐंशी अंश गरम. हॉल्डेन घड्याळ बघत उभा, कॉलिन टेलिफोनपाशी, पलीकडच्या शेडमध्ये बाटल्या रांगेत आणि बायका टोप्या घालून तयार. चकतीवर नुन्झियाचा हात, बाजूला ग्राझिएला.

"दोन नंबर," ग्राझिएला म्हणाली.

पंप घरघरला. काटा अडीचवर थांबायला हवा होता. तो अडीच ओलांडून गेला, तीन, चार, कुणी श्वास घ्यायच्या आत पाच, आणि पाइप पुरता भरला तेव्हा सातवर जाऊन बसला. पलीकडून कॉलिनला फोन आला. "आला का?" त्याने विचारलं. पलीकडचा ओरडला, "येतोय. पेस्टच्या ट्यूबमधून यावा तसा येतोय. आणि कोमट आहे!"

कोमट सॉस बाटलीत भरता येत नाही. आठवड्यात आंबून झाकण उडवतो. गरमच पोचायला हवा, आणि त्यासाठी चार नंबरचा वेग हवा.

ग्राझिएलाचा चेहरा पांढराफटक पडला. ती भराभर पुठ्ठ्यावर आकडे मांडू लागली. दोनवर सात. चारवर नेला तर, पाण्याच्या चाचणीप्रमाणे, चौपट, अठ्ठावीस. बरं, घट्ट पदार्थाला चौपट नको, दुप्पट धरू, तरी चौदा. रबरं दहाला फुटतात. कुठूनही हिशेब केला तरी स्फोटच.

"मिसेस फेरारेल्लो, एकवर आणा," ती म्हणाली. "दाब उतरू दे."

नुन्झियाने एकवर आणला. वेग निम्मा झाला. काटा सातावरून साडेपाच-सहाच्या मध्ये कुठेतरी आला आणि तिथेच चिकटून बसला. पाणी असतं तर एव्हाना तळाशी जाऊन झोपलं असतं. पलीकडून परत फोन : आता तर थेंब थेंब, आणि गारच.

"पुरे झालं," हॉल्डेन म्हणाला. "टाकी गटारात सोडा. मेलबर्नहून कोणी शहाणा माणूस बोलावतो मी. आणि मिस तालारीको, दुपारी माझ्या ऑफिसात या."

तो हे ओरडून बोलला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. ग्राझिएलाने पुठ्ठा छातीशी धरला. नुन्झियाने तिच्याकडे बघितलं आणि तिला पांढरी टोपी दिसली नाही. एक मोजा वर आणि एक खाली अशी शाळेच्या फाटकापाशी उभी असलेली पोर दिसली.

"चारवर न्या," नुन्झिया म्हणाली.

"काय?"

"हळू नाही, जोरात न्यायचा. चारवर. काही फुटत नाही."

कॉलिन हबकला. "नुन्झ, वेड लागलंय का? सात आहे तो दोनवर!"

"दोनवर सात असेल. चारवर चौदा होत नाही. मला माहितीये."

"कशावरून माहितीये?" हे हॉल्डेनने विचारलं.

नुन्झियाने फडक्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

"जुन्या पाइपावर मी सात नंबर लावते," ती म्हणाली. "दर शुक्रवारी. लाल रेघ ओलांडून. चारवर असताना काटा चारावर असतो, आणि सातवर नेला तर पाचालासुद्धा शिवत नाही. बोटभर चढतो, बस. सतरा वर्षं बघतेय मी. या मेल्याला हलवायलाच जोर लागतो. एकदा हलला की जितका पळवाल तितका मऊ होतो. माझ्या नवऱ्यासारखा आहे तो."

"सतरा वर्षं?" हॉल्डेनच्या भुवया टोपीत गेल्या. "नियम मोडून? कशासाठी?"

नुन्झियाला खोटं सुचलं नाही. तिला कधीच सुचत नसे. ती नुसती गप्प राहू शकायची.

"शाळा साडेतीनला सुटायची," ती म्हणाली. "पाळी चारला. इतर दिवशी शेजारीण होती. शुक्रवारी पोर एकटी उभी राहिली असती फाटकापाशी. टाकी तीनला रिकामी झाली तरच मला जाता यायचं. मग सवय लागली." आणि मग, जणू एवढ्याने भागलं नाही म्हणून, "आता काय करायचं ते करा. पण आधी चारवर न्या."

ग्राझिएला तिच्याकडे बघतच राहिली. शुक्रवारी मावशीला लवकर सुट्टी असते, असंच ती इतकी वर्षं समजत होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं. सात वर्षांच्या पोरीने आपलं आपण ठरवून टाकलं होतं आणि चोविसाव्या वर्षापर्यंत परत कधी तपासलं नव्हतं.

मग तिने डोळे पुसले, पुठ्ठा उलटा केला आणि पेन्सिल काढली.

"जुना पाइप. चारवर नक्की किती? सातवर किती?"

"चारवर चार. सातवर चार आणि वर पाऊण. कमीच."

पेन्सिल थांबली. वर्गात एकदा, एकाच तासाला, एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या होत्या. एक उभी चढणारी, पाण्याची. दुसरी आधीच उंचावर सुरू होऊन पुढे जवळजवळ आडवी पडणारी. सॉस, रंग, चिखल, असल्या हट्टी मंडळींची. परीक्षेला येत नाही म्हणून ग्राझिएलाने ते पान उलटलं होतं. घट्टपणा म्हणजे एक आकडा नाही. हळू ढकललं तर जास्त, जोरात ढकललं तर कमी. तिने यंत्राची चकती जोरात फिरवून सॉस मऊ असतानाच त्याला मोजला होता, आणि मग घाबरून त्याला हळू चालवायला निघाली होती.

"दोनचा चार केला तर सातावरून..." तिने आकडा दोनदा तपासला. "साडेआठ. पावणेनऊच्या वर नाही." ती हॉल्डेनकडे वळली. "मिस्टर हॉल्डेन, मी चारवर नेतेय. नववर काटा गेला तर मी स्वतः बंद करीन. जबाबदारी माझी."

"आणि हिच्या सांगण्यावरून?"

"सतरा वर्षांचं मोजमाप आहे ते. माझं एका दुपारचं होतं." आणि मग ती वळून म्हणाली, चांगली खणखणीत, चार माणसांना ऐकू जाईल अशी, "झिया, चारवर ने."

नुन्झियाने चकती फिरवली. फडकं पाइपावर, डोळे मिटलेले. काटा सात सोडून निघाला. साडेसात. आठ. कॉलिन दोन पावलं मागे सरकला आणि त्याने डोक्यावरची टोपी घट्ट धरली, जणू सॉस टोपीने अडला असता. साडेआठ. काटा थरथरला आणि तिथेच थांबला. पाइपातून येणारा आवाज बदलला. मघाचं कण्हणं गेलं. थोड्या वेळाने, गरम सॉस पुढे पोचला तसा, काटा आपण होऊन आठवर उतरला.

फोन खणखणला. कॉलिनने उचलला, ऐकला आणि म्हणाला, "वाफा येतायत म्हणे. भरायला घेतलंय."

नुन्झियाचा जीव भांड्यात पडला. ती टाकीच्या पायरीवर बसली. ग्राझिएला बाजूला बसली. हॉल्डेन काही वेळ काट्याकडे बघत उभा राहिला.

"ट्रेलोअर," त्याने विचारलं, "तुला माहीत होतं हे शुक्रवारचं?"

कॉलिनने खाकरून घसा साफ केला. "बघा, बाकीचे दिवस टाकी चारला रिकामी व्हायची आणि शुक्रवारी तीनला. फोरमन आहे मी, आंधळा नाही." आणि मग, "टाकी लवकर रिकामी झाली की मीही साडेतीनला नदीवर गळ टाकून बसायचो. मासे काय, शुक्रवारी बरे लागतात."

"हलकट माणसा," नुन्झिया पायरीवरून म्हणाली, "सतरा वर्षं मी जीव मुठीत धरून काम करतेय!"

"मग मी काय शिट्टी वाजवायची होती?"

बुधवारी नुन्झियाला ऑफिसातून दोन कागद आले. पहिल्यात नियम मोडल्याबद्दल लेखी ताकीद होती, शेवटची, खाली हॉल्डेनची सही. दुसऱ्यात असं होतं की मिस तालारीको यांनी सॉस चार वेगवेगळ्या वेगांनी चालवून मोजमाप केलं असून, यापुढे जुन्या पाइपावर पंप सात नंबरपर्यंत चालवण्यास हरकत नाही. खाली त्याच हॉल्डेनची सही. मिकेलेने दोन्ही कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाला शेजारी शेजारी चिकटवले आणि येईल त्याला वाचून दाखवले. कॉलिनने रॉकेल आणून चाराची लाल रेघ पुसली, सातापाशी नवी ओढली, आणि ती जरा वाकडीच ओढली.

शुक्रवारी टाकी तीनला रिकामी झाली. आता लपूनछपून काही नव्हतं, म्हणून नुन्झियाला उगीच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. घाई कसली? शाळेच्या फाटकापाशी कोणी उभं नव्हतं, कित्येक वर्षांत नव्हतं. तिने सावकाश पाणी सोडून पाइप धुतला, काटा तळाशी झोपला, फडकं वाळत टाकलं, हात धुतले आणि बाहेर पडली.

कॅनरीच्या फाटकापाशी ग्राझिएला उभी होती. पांढरी टोपी बगलेत, हातात कागदाचं पुडकं, कागद तेलाने पारदर्शक झालेला. पाळी सुटायला अजून अर्धा तास होता, पण आत-बाहेर जाणारे ट्रकवाले, ऑफिसातली दोन माणसं, सगळे होते. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"झिया," ती म्हणाली, "किती वेळ? गार होतायत."

नुन्झियाला एकाएकी काही दिसेनासं झालं. तिने बाहीने नाक पुसलं, पुडकं हातात घेतलं, उघडून वास घेतला.

"व्हिनेगर कमी घातलंय," ती म्हणाली, आणि दोघी नदीकडे चालू लागल्या.